तांगमावशींच्या तोंडाला लागलेला वारा

या, जरा पुढं सरका. दाराशी टेकलेल्यांनीही आत या, जागा आहे. आज आख्यान एका तोंडाचं आहे. ज्या तोंडानं उभा जन्म देवाचं नाव घेतलं, ते एका सकाळी वाकडं झालं आणि देवाचं नावच ओठांच्या कडेनं गळायला लागलं. ते सावरलं कसं आणि सावरायला कोण कोण बसलं, ते सांगायचं आहे. मन लावून ऐका. हसू आलं तर हसा, देवाला हसण्याचं वावडं नाही.

चिंगशी गावाच्या मधल्या कालव्यावर, दगडी पुलाला लागून, सुया टोचून आणि शेक देऊन बरं करणाऱ्या बाओ वेनछिनचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत तीन खाटा, आणि सगळीकडे शेकासाठी जाळायच्या नागदवण्याच्या पाल्याचा, त्याच्या धुराचा तो कडवट गोड वास. पोट बिघडलं, झोप उडाली, मान धरली, पाळी चुकली, पोर रात्री रडतं, असल्या रोजच्या रडगाण्यांसाठी गाव तिच्याकडे यायचं. आधी दवाखाना तिच्या आत्याचा, आत्या होती तोवर आत्याकडे यायचं. आत्या गेल्याला दोन वर्षं झाली आणि आता भाचीकडे यायचं, पण येताना अजूनही खाटेकडे बघून आत्यासाठी सुस्कारा टाकायचं.

त्या सकाळी जिआओआजोबा आधीच खाटेवर होते. आयुष्यभर नाव वल्हवून त्यांचे गुडघे पार खिळखिळे झालेले. वेनछिन जळती नागदवण्याची कांडी त्यांच्या गुडघ्यावर धरून हळूहळू फिरवत होती, तेवढ्यात दार ढकलून मेंगकाका आत आले. मागोमाग डोक्यापासून हनुवटीपर्यंत रुमाल गुंडाळलेली तांगमावशी.

"वेनछिन, पोरी, उठ लवकर," मेंगकाका म्हणाले. "हिचं तोंड फिरलं."

तांगमावशी म्हणजे गावची पोथी गाणारी बाई. देवळात मेजावर पोथी उघडायची, हाताशी घंटी, शेजारी यजमान मेंगकाका लाकडी मासा, माशाच्या आकाराचं ते पोकळ वाद्य, टकटक वाजवत बसलेले. मावशींनी दोन चरण आळवले की मागून सगळ्या जमावानं बुद्धाचं नाव घेत "नमो अमिताभ" म्हणायचं. लग्न असो, नवं घर असो, म्हाताऱ्याची साठी असो, मावशींच्या पोथीशिवाय चिंगशीत काही पुरं होत नसे. आणि चौथ्या महिन्यात औषधराजाचा, म्हणजे औषधांच्या देवाचा, उत्सव असतो, तेव्हा तर राजाच्या जन्माची अख्खी पोथी त्या गायच्या. तो उत्सव आता महिन्यावर आलेला.

वेनछिननं रुमाल सोडला. डावा गाल सपाट, ओठाची कड खाली ओघळलेली, डावा डोळा अर्धा उघडाच. आणि उजव्या गालावर काहीतरी काळपट तांबडं वाळून पोपडे धरलेलं.

"हे काय लावलंय?"

मेंगकाका भिंतीकडे बघायला लागले.

"ईल माशाचं रक्त," मावशी म्हणाल्या. म्हणाल्या म्हणजे, तसं काहीसं ऐकू आलं. "हे म्हणाले, तोंड डावीकडं पडलं तर उजवीकडं लावायचं."

"आणि ईल?"

"शेवयांत घालून खाल्ली त्यांनी."

खाटेवरून जिआओआजोबा खो खो हसले. "म्हणजे एकाचं औषध आणि एकाचं जेवण! मेंग्या, बायकोच्या दुखण्यातही तुझं पोट काही उपाशी राहत नाही बघ."

"तुम्ही गुडघा हलवू नका, पोळेल," वेनछिन म्हणाली आणि कोमट पाण्यानं मावशींचा गाल पुसायला बसली. "मावशी, कपाळाला आठ्या पाडा बघू. भुवया वर. हं. आता डोळे गच्च मिटा. गाल फुगवा. शीळ घाला."

डाव्या कपाळावर एक आठी पडली नाही. गाल फुगवला तशी हवा फुस्स करून डाव्या कडेनं निघून गेली. शिळेचं तर विचारूच नका.

"हात दाबा माझा. दोन्ही. पाय उचला. कालपरवा कानामागं दुखलं होतं का? आणि खिडकीशी झोपला होतात?"

"नावेत झोपले होते," मावशी म्हणाल्या. "माहेरून येताना."

वेनछिनचं तिथंच बरंचसं ठरलं होतं. कपाळही पडलं म्हणजे बहुतेक हे मेंदूचं नव्हे, चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं. गाव याला वारा लागणं म्हणतं. तरी तिनं सुईला हात लावला नाही. "आधी जिल्ह्याच्या इस्पितळात जा, आत्ताच. डोकं तपासून घ्या. गोळ्या देतील त्या घ्या. आणि संध्याकाळी माझ्याकडे या."

संध्याकाळी ती दोघं परत आली. डोकं ठीक होतं. वेनछिननं मावशींना खाटेवर निजवलं, दोन्ही हातांच्या अंगठ्याच्या बेचक्यात सुया घातल्या, पायाच्या अंगठ्यामागच्या खळगीत घातल्या, कानाच्या पाळीमागे एक बारीकशी घातली. कानाशी दुरून नागदवण्याचा शेक दिला. चेहऱ्याला हात लावला नाही.

मेंगकाका वाट बघत उभे होते. अखेर राहवेना. "पोरी, तोंड फिरलंय तोंड. तू हातापायात काय टोचत बसलीस?"

"काका, वारा नवा आहे. ताज्या जखमेला कुणी ओढतं का? आधी त्याला खाली उतरू दे. चेहऱ्यात सुई आठवड्याभरानं, तीही हलकी."

"आत्याबाई असत्या तर..."

"आत्या असती तर तिनंही हेच केलं असतं, आणि तुम्ही तिला विचारलं नसतंत."

मावशी इतका वेळ छताकडे बघत पडल्या होत्या. त्यांनी उजव्या हाताची बोटं हलवून वेनछिनला जवळ बोलावलं. "सकाळी देवापुढं बसले," त्या हळूच म्हणाल्या. "नमो म्हणायला गेले तर ओठच मिटेनात. अमिताभ म्हणायला गेले तर सगळा वारा बाहेर. पोरी, त्याचं नावही ओठ मिटल्याशिवाय निघत नाही गं. मला दुसरं काही येत नाही."

वेनछिननं त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि तशीच राहू दिली. नाडी बघून झाली होती, तरी.

दुसऱ्या दिवशी जिआओआजोबा गुडघ्यांच्या निमित्तानं आले, पण खरं काम वेगळंच होतं. उत्सवाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. "बाओडॉक्टर, मला सरळ सांग. शहरातून पोथी गाणारी जोडी बोलावू की नको? त्यांना आधी कळवावं लागतं. ऐन वेळी देवाला ताटकळत ठेवलं तर मला वर गेल्यावर वल्हीसुद्धा देणार नाहीत."

"नका बोलावू."

"तू खात्री देतेस?"

"तोंड अगदी पहिल्यासारखं होईल अशी देत नाही. त्या दिवशी मावशी गातील, याची देते."

तिनं हे म्हटलं आणि कांडी पेटवली. आजोबांनी भुवया उंचावल्या, पण शहरात निरोप गेला नाही.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी सुया, दुपारी शेक, रात्री कोमट पाण्यात पाय. काढ्याची पुडीही होती: रेशीमकिडे, विंचू, पांढरा कंद आणि चार झाडपाल्याची औषधं. रोज एक पुडी, मंद आचेवर तासभर उकळायची. बाहेर पडताना तोंडाला रुमाल, पाण्याकाठी जायचं नाही, थंड खायचं नाही. मावशी शहाण्या पेशंट. त्या सगळं करायच्या. आरशासमोर बसून अ, ई, ऊ करायच्या, बोटानं गालाची कड वर उचलून. हळूहळू डावी पापणी खाली यायला लागली. बाकावरच्या बायकांची कुजबुज मात्र थांबेना: डॉक्टरीण चेहऱ्यात सुई घालायला भिते, हात अजून कच्चा आहे. वेनछिनच्या कानावर सगळं येत होतं. ती चहाचे पेले भरून त्यांच्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, "जिभा बघू सगळ्यांच्या. फार बोलणाऱ्यांच्या आधी." बायका हसत जीभ काढायच्या आणि तेवढ्यापुरतं बोलणं बंद पडायचं.

असं आठवडाभर सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी मावशी घाईघाईनं आल्या. मेंगकाका मागे, तोंड पांढरं.

"जीभ," मावशी म्हणाल्या. "जीभ माझी नाही वाटत. उठल्यापासून बधिर. ओठही. पोरी, वारा आत शिरला."

बाकावरच्या बायका पुढं झुकल्या. जिआओआजोबा खाटेवर उठून बसले. शहरातली जोडी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

वेनछिननं जीभ बघितली. सरळ बाहेर येत होती, वाकडी नव्हती. हात दाबून घेतले, जोर दोन्हीकडे सारखा. बोलणं मंद, पण विचार ठिकाणावर. श्वास ठीक, नाडी थोडी जलद. पापणी तर कालच्यापेक्षा चांगली मिटत होती. दुखणं उतरत असताना जीभ बधिर? वाऱ्याची ही चाल नव्हे. ही चाल दुसऱ्याच कशाची तरी होती, आणि ती कशाची असावी ते तिला माहीत होतं.

"काढा कोण उकळतं?"

"हे उकळतात," मावशी म्हणाल्या. "मला विंचू बघवत नाहीत."

"काका, मी सांगितलं तसाच ना?"

"तसाच तर," मेंगकाका म्हणाले आणि परत भिंतीकडे बघायला लागले.

वेनछिनला तेवढं पुरलं. ती उठली, चपला सरकवल्या आणि थेट बाहेर पडली. बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघत मागोमाग दाराशी आल्या.

चिंगशीत काढ्याचा चोथा उकिरड्यावर टाकत नाहीत. तो रस्त्यात टाकायचा, जिथं पाय जास्त पडतात तिथं. येणारे जाणारे तो तुडवतात आणि दुखणं त्यांच्या पायांबरोबर चारी दिशांना निघून जातं. मेंगकाकांसारखा भाविक माणूस चोथा टाकणार तर गावातल्या सगळ्यात गजबजलेल्या जागीच टाकणार. म्हणजे पुलाच्या ऐन मध्यावर.

तिथं तो होता. सकाळच्या पायांनी अर्धा पसरलेला, अजून ओला. सोयादूध घेऊन जाणारी माणसं वळसा घालून जात होती आणि डॉक्टरीण भर पुलावर उकिडवी बसून चोथा निवडत होती. रेशीमकिडे मोजायची गरज नव्हती, डोळ्यांनाच ढीग दिसत होता. दोन पुड्यांचा. तिनं पांढऱ्या कंदाची एक चकती उचलली, नखानं दाबली. वर मऊ, आत खडूसारखा कच्चा गाभा. हा कंद नीट शिजला नाही, जास्त पोटात गेला, की आधी ओठ बधिर होतात आणि मग जीभ.

ती मूठभर चोथा घेऊन परत आली आणि मेंगकाकांपुढं तळहात उघडला.

"काका, ही दोन पुड्यांची भाजी कुणी केली?"

काकांची नजर परत भिंतीवर.

"आणि तासभर उकळायची होती. ही चहासारखी उकळलीय."

"उत्सव जवळ आला," काका पुटपुटले. "हिला रात्री झोप येत नाही. म्हटलं, जरा लवकर गुण यावा. दोन पुड्या एकदम घातल्या, पाणी कमी घातलं, घट्ट व्हावं म्हणून. दोनच दिवस झाले."

"औषध म्हणजे काय नाव आहे का, दोन वल्ही जास्त मारली की दुप्पट पळायला?" जिआओआजोबा खाटेवरून कडाडले.

मावशी यजमानांकडे बघत राहिल्या. त्यांचा उजवा ओठ रागानं आवळला आणि डावा, आळसावलेला का होईना, त्याच्यामागून किंचित हलला. "मूर्ख म्हातारा," त्या म्हणाल्या. "ईल खाल्लीस ती बरी होती."

सगळे हसले. काका मात्र रडले. चाळीस वर्षं ज्या आवाजाला त्यांनी ठेका दिला होता, तो जाईल या भीतीनं त्यांनी ठेकाच चुकवला होता.

वेनछिननं त्यांना रागावून घेतलं, व्यवस्थित, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मग स्वतः आत जाऊन ज्येष्ठमध आणि आलं उकळून आणलं, मावशींना दिलं आणि इस्पितळात फोन करून सगळं सांगितलं. तिकडच्यांनीही लक्ष ठेवायला सांगितलं. "आज इथंच बसायचं, माझ्या डोळ्यांपुढं. श्वास जड झाला, उलटी झाली, तर आपण लगेच गाडी काढू." दुपार उलटता उलटता मावशी म्हणाल्या, आल्याचा तिखटपणा लागायला लागला. संध्याकाळी जीभ त्यांची त्यांना परत मिळाली. पुडीचा काढा मात्र वेनछिननं बंदच केला तो केला.

मेंगकाका जाताना दाराशी थांबले. "माझ्यावर चिडलीस ना?"

"चिडलेच आहे. पण चूक थोडी माझीही आहे, काका. थांबा म्हणून सांगितलं, का थांबायचं ते नीट समजावलं नाही. उद्यापासून चेहऱ्यात सुया. बसा इथं, बघा."

आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं चेहऱ्यात सुया घातल्या. केसाएवढ्या बारीक, भुवईशी, गालाच्या हाडाखाली, ओठाच्या कडेला. एक एक सुई जाताना मावशींच्या डोळ्यांकडे बघत. काका शेजारी बसून बघायचे आणि हळूच, आपल्याही नकळत, गुडघ्यावर माशाचा ठेका धरायचे. तो ठेका ऐकून मावशींच्या पोटातून सूर यायचा. मग वेनछिन म्हणायची, "हं, म्हणा. ओठांना वाटू दे की काम आहे."

उत्सव दोन दिवसांवर आला तेव्हा डोळा पुरता मिटत होता, कपाळावर आठी पडत होती, ओठही मिटत होते. पण कड अजून दमत होती. पाच दहा चरण झाले की डावीकडून हवा सुटायची आणि मावशी तोंडावर हात धरायच्या.

"गाणार," वेनछिन जिआओआजोबांना म्हणाली. "पण एक अडचण आहे. तुमचं देऊळ कालव्यावर तोंड करून आहे. पोथी पहाटे लागते, आणि पहाटेचा वारा थेट पाण्यावरून दारातून आत येतो. तो वारा मावशींच्या गालावर पडता कामा नये."

"दार बंद करू?"

"उत्सवाच्या दिवशी देवाचं दार?" बाकावरून कुणीतरी विचारलं.

"पहाटेऐवजी दुपारी पोथी लावा मग," वेनछिन म्हणाली.

"राजाचा जन्म पहाटेचा आहे, डॉक्टर. दुपारी कसा होईल?" आजोबा म्हणाले. त्यांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "पडदा लावला तर वारा त्यालाच फडफडवत बसेल, पोथीऐवजी तेच ऐकू येईल. ठीक आहे. तू सुया बघ. दाराचं मी बघतो."



उत्सवाच्या पहाटे ती मावशींना रुमालात गुंडाळून देवळात घेऊन आली. राजाची मूर्ती फुलांत बुडालेली, समोर मेज, मेजावर पोथी. नेहमी मावशी देवाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसायच्या. त्या दिवशी मेज फिरवून ठेवलेलं. मावशींनी आता देवाकडे तोंड करून बसायचं. आणि गाव? गाव सगळं त्यांच्या मागे. मेजापासून उंबऱ्यापर्यंत खांद्याला खांदा, बायका, बाप्ये, मांडीवरची पोरं, इतकं घट्ट की मधून सुई जाणार नाही. दारात, अगदी उंबऱ्यावर, स्वतः जिआओआजोबा, कालव्याकडे पाठ करून, जाड गोधडी पांघरून बसलेले.

"आजोबा, तुमचे गुडघे!" वेनछिन म्हणाली.

"गप्प बस. गुडघे गात नाहीत," आजोबा म्हणाले. "वारा आत येतोय का ते बघ आधी."

वेनछिननं मावशींच्या डाव्या गालाशी तळहात धरला. पणतीची ज्योतसुद्धा हलत नव्हती.

मावशी बसल्या. रुमाल सोडला. आता त्यांचं तोंड फक्त औषधराजाला दिसत होतं. त्यांनी घंटी वाजवली. काकांनी लाकडी मासा टकटकवला. पहिला चरण निघाला. गावानं आजवर ऐकला होता तसा तो नव्हता. थोडा जाड, थोडा दबका. पण सूर सुटला नाही. दुसरा चरण संपताना ओठाची कड दमली आणि नमोमधला मो गळू पाहत होता. त्याच क्षणी मागून अख्ख्या गावाचे ओठ मिटले आणि देऊळभर घुमलं, नमो अमिताभ. मावशींच्या तोंडून गळणाऱ्या नावाची जागा भरून निघाली. त्यांनी श्वास घेतला, कडेला बोटाचा टेकू दिला, आणि पुढचा चरण धरला.

असं राजाचा जन्म होईतो चाललं. त्या दमायच्या तिथं गाव म्हणायचं, गाव थांबायचं तिथं त्या म्हणायच्या. शेवटच्या चरणांना तर कोण कुणाची जागा भरतंय ते कळेना. वेनछिन खांबाला टेकून उभी होती. तिनं जिआओआजोबांना खात्री दिली होती, ती मावशी गातील याची दिली होती. गाव गाईल याची तिनं कुठं दिली होती? ती मनातल्या मनात हसली आणि तिनंही म्हटलं.

पोथी संपली तेव्हा उन्हं पाण्यावर आली होती. वेनछिननं आधी मावशींचा गाल तपासला, मग दारात जाऊन आजोबांना उठवलं. गुडघे ताठले होते, उठवेना. दोघांनी धरून नेलं. "दुपारी खाटेवर या," ती म्हणाली. "आणि आज बडबड चालणार नाही." ते आले, आणि बडबड केलीच.

मावशींचं तोंड पुढं उन्हाळाभर हळूहळू सरळ झालं. हसताना डाव्या कडेला एक बारीक वळी राहिली ती राहिली. काका म्हणतात, ती मी ईलनं पाडली. मावशी म्हणतात, गप्प बसा.

एवढंच आख्यान. आता घरी जा, जाताना पाण्याकाठचा वारा आहे, तोंडावर पदर घ्या. आणि उद्या पहाटे उठून देवाचं नाव घ्याल, कोणत्याही देवाचं, आणि ते ओठांतून एक थेंबही न सांडता नीट बाहेर येईल, तेव्हा घडीभर थांबून आमच्या तांगमावशींची आठवण ठेवा.